गाण्यामागची माणसं: संगीतक्षेत्रातली कामं, नावं आणि हक्क यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्या-मुंबईच्या स्टुडिओंत मी २७ वर्षं काम करतोय. आधी व्हायोलिन वाजवलं, नंतर संयोजनाकडे वळलो. संगीताच्या कार्यशाळांना जातो तेव्हा तेच ते प्रश्न येतात: चिठ्ठीवर, फोनवर, कधी कार्यक्रम संपल्यावर नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर. ते इथं एकत्र केले आहेत आणि विचारणाऱ्यांची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. उदाहरणं मुख्यतः मराठी-हिंदी चित्रपट, भावगीत आणि रंगमंच यांतली आहेत. शास्त्रीय मैफलीची रीत वेगळी. कायद्याविषयी जे लिहिलंय ते १९५७ चा कॉपीराइट कायदा आणि त्यातली २०१२ ची दुरुस्ती यांना धरून. प्रत्यक्ष भांडण उभं राहिलं तर वकिलाकडेच जा.

१. एक गाणं तयार व्हायला नेमकी कोणती माणसं लागतात?

चित्रपटाचं गाणं असेल तर दिग्दर्शक आधी प्रसंग सांगतो. संगीतकार पेटी किंवा कीबोर्ड घेऊन बसतो. त्या बैठकीला सगळे 'सिटिंग' म्हणतात. आजकाल बहुतेकदा चाल आधी होते. तिच्यावर तात्पुरते, अर्थ नसलेले शब्द बसवतात, ते 'डमी'. गीतकार त्याच मीटरमध्ये खरे शब्द लिहितो. भावगीतात उलटा क्रम जास्त: कविता आधी, चाल मागून.

चाल पक्की झाली की ती संयोजकाकडे जाते. प्रोग्रामर संगणकावर ट्रॅक बांधतो. कुणीतरी त्यावर 'स्क्रॅच' गातं, म्हणजे मुख्य गायकाला चाल कळावी म्हणून केलेलं कच्चं गायन. मग वादक येतात, कोरस येतो, मुख्य गायकाचं डबिंग होतं. हे सगळं रेकॉर्डिस्ट टिपतो. पुढं मिक्सिंग, मास्टरिंग, आणि शेवटी गाणं बाजारात नेणारं लेबल.

यातलं सगळ्यात विसरलं जाणारं माणूस म्हणजे स्क्रॅच गाणारं. एखादी विशीतली मुलगी हरकत घेऊन जाते, ती हरकत चालीतच राहते, आणि पुढं ती हरकत मुख्य गायिकेच्या नावानं ओळखली जाते. स्क्रॅच गात असाल तर त्याचं वेगळं मानधन ठरवून घ्या.

२. चाल तर संगीतकाराची असते. मग संगीत संयोजक नेमकं काय करतो?

हा मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे. मी एक सोपी परीक्षा सांगतो. आवडतं गाणं शिटीवर वाजवा. जे शिटीवर येतं ती चाल, ती संगीतकाराची. आता मुखडा संपवून थांबा. अंतरा सुरू होण्याआधी मनात जे वाजत राहतं, ती सतारीची उतरंड, व्हायोलिनचा लोंढा, बासरीची दोन वाक्यं, ते बहुतेकदा संयोजकाच्या हातचं असतं. बहुतेकदा म्हणतो, कारण काही संगीतकार हे म्युझिक पीससुद्धा स्वतः सांगतात आणि संयोजक फक्त ते वाद्यांवर वाटून देतो.

गाण्याच्या ओळींच्या मागून वाहणारे सूर, दोन शब्दांमधली जागा भरणारे 'फिलर', कोणतं वाद्य कुठं गप्प राहील, ठेका कुठं बदलेल, हे सगळं संयोजनात येतं. पूर्वी संयोजक प्रत्येक वाद्याचं नोटेशन लिहून काढायचा आणि ध्वनिमुद्रणाला समोर उभा राहून वाद्यवृंद चालवायचा.

मुंबईत ही कला रुजवण्यात गोव्याच्या माणसांचा वाटा फार मोठा आहे. पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. ती पोरं पोटासाठी मुंबईला आली, हॉटेलांतल्या जॅझ बँडांत वाजवू लागली आणि तिथून चित्रपटांत शिरली. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस ही त्यातली मोठी नावं. संगीतकार पेटीवर चाल सांगायचा, आणि ती कागदावर उतरवून पन्नास वाद्यांना वाजवता येईल अशी करायची हे या लोकांचं काम. मराठीतही ही परंपरा आहे. प्रभाकर जोगांनी सुधीर फडक्यांकडे व्हायोलिनही वाजवलं आणि संयोजनही केलं. अनिल मोहिले आणि अरुण पौडवाल हे संयोजक म्हणून जितके मोठे, तितकेच 'अनिल-अरुण' या नावानं संगीतकार म्हणूनही.

पैशाचं सांगायचं तर संयोजकाला सहसा एकरकमी मानधन मिळतं, रॉयल्टीत, म्हणजे गाण्याच्या पुढच्या वापरातून येणाऱ्या पैशात, वाटा नसतो. वाटा हवा असेल तर काम सुरू होण्याआधी कागदावर आणावा लागतो. नंतर आणता येत नाही, हे मी अनुभवानं सांगतो.

३. 'म्युझिक प्रोड्यूसर' म्हणजे पैसे लावणारा निर्माता का?

नाही. शब्द एकच आणि माणसं दोन, त्यामुळं करार वाचताना गोंधळ होतो. पैसे लावतो तो निर्माता. 'म्युझिक प्रोड्यूसर' म्हणवून घेणारा माणूस हल्ली संयोजन, प्रोग्रामिंग, ध्वनीची निवड आणि कधीकधी मिक्सिंगसुद्धा एकटा करतो. १९९० च्या दशकापासून संगणकावर वाद्यांचे नमुने वाजवणं स्वस्त झालं आणि संयोजकाच्या खुर्चीत प्रोग्रामर येऊन बसला. नुसता प्रोग्रामर म्हणजे संयोजकानं सांगितलेलं संगणकात भरणारा. प्रोड्यूसर म्हणजे ते ठरवणाराही.

कायद्याच्या भाषेत मात्र ध्वनिमुद्रणाचा 'निर्माता' म्हणजे ते मुद्रण घडवून आणण्याचा पुढाकार आणि जबाबदारी घेणारा, आणि तोच त्या मुद्रणाचा कर्ता मानला जातो. तुम्ही घरच्या संगणकावर, स्वतःच्या खर्चानं मित्राचं गाणं मुद्रित केलं असेल तर त्या मुद्रणाचे मालक कोण, हे मित्राशी त्याच दिवशी बोलून घ्या.

४. रेकॉर्डिस्ट, मिक्सिंग इंजिनियर, मास्टरिंग इंजिनियर ही तीन कामं वेगळी कशाला? एकच माणूस करू शकत नाही का?

करू शकतो, आणि छोट्या गाण्यांत करतोच. पण कौशल्यं वेगळी आहेत. रेकॉर्डिस्टला माणसं आणि खोली कळावी लागते: ढोलकीच्या शाईकडे माइक किती अंतरावर, गायिका 'प' आणि 'भ' फोडते का, कोणता टेक ठेवायचा, कुठं फक्त 'पंच' मारून एक शब्द बदलायचा. मिक्सिंगवाला साठ-सत्तर ट्रॅकमधून एक गाणं घडवतो: कोण पुढं, कोण मागं, आवाजाभोवती मोकळीक किती. मास्टरिंगवाला तयार मिश्रण ताज्या कानानं ऐकतो, आणि ते मोबाइलवर, गाडीत, मोठ्या स्पीकरवर नीट वाजेल हे पाहतो. ताजे कान हीच त्याची किंमत. ज्यानं तीन दिवस मिक्स केलं त्याचे कान थकलेले असतात.

चित्रपटाचं अंतिम ध्वनिमिश्रण हे आणखी निराळं काम: संवाद, पार्श्वसंगीत, पावलांचे आवाज आणि गाणी यांची एकत्र मोट बांधणं. राजकमल कलामंदिरात मंगेश देसाई हे काम करायचे, आणि देशभरचे दिग्दर्शक त्यांच्याकडे आपले चित्रपट घेऊन येत. आपल्या मराठी मुलांना हे नाव माहीत नसतं याचं मला वाईट वाटतं.

५. मला गाता येत नाही, वाद्यही येत नाही. पण याच क्षेत्रात राहायचंय. जागा आहे का?

आहे, आणि माणसांची टंचाईही आहे.

रंगमंचापासून सुरुवात करू. मराठी गाण्याच्या कार्यक्रमाला निवेदक लागतो. ही आपल्याकडची खास भूमिका आहे. दोन गाण्यांमध्ये वादकांना सूर लावायला वेळ देणं, गाण्यामागची गोष्ट सांगणं, प्रेक्षक सैल पडला तर सावरणं, हे सगळं त्याच्यावर. चांगला निवेदक वर्षभर व्यग्र असतो. मग व्यवस्थापक किंवा सूत्रधार: नाट्यगृहाच्या तारखा, परवाने, गाड्या, वादकांची जुळवाजुळव, तिकीटविक्रीचा हिशेब. ध्वनिव्यवस्थेचा माणूस वेगळा. त्याच्या हाती मॉनिटरवर, म्हणजे गायकाकडे तोंड केलेल्या स्पीकरवर, गायकाला स्वतःचा आवाज नीट ऐकू येणं असतं, म्हणजे एका अर्थानं कार्यक्रमच.

कार्यक्रम ठरवणाऱ्यांचा बाजार बघायचा तर गुढीपाडव्याच्या आधी जुन्नर तालुक्यात नारायणगावला जा. तमाशाची पंढरी म्हणतात तिला. फडमालकांच्या राहुट्या लागलेल्या असतात, गावोगावचे पुढारी यात्रेसाठी तमाशा ठरवायला येतात, भाव होतो, सुपारी दिली जाते. त्या राहुटीत वही घेऊन बसलेला माणूस तारखा, अंतरं, मुक्काम आणि पन्नास-साठ माणसांचा संच यांचा मेळ घालतो. मोठ्या शहरांतल्या इव्हेंट कंपन्या हेच काम करतात.

वाद्यं घडवणारी आणि दुरुस्त करणारी माणसं तर हवीच आहेत. मिरजेत पिढ्यान्‌पिढ्या सतारी आणि तानपुरे बनतात. २०२४ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकन मिळालं. भोपळा वाळवण्यापासून जवारी काढण्यापर्यंतचं (तारेला झंकार यावा म्हणून घोडी घासण्यापर्यंतचं) ते काम शिकायला वर्षं लागतात आणि शिकणारी मुलं कमी आहेत. पेटी सुरात लावणारा, तबल्याला पुडी चढवणारा चांगला कारागीर शोधायला आम्ही शहरभर फोन करतो.

आणि कागदाची कामं: करार वाचणारा वकील, रॉयल्टीचा हिशेब समजणारा लेखापाल, लेबलमध्ये प्रत्येक गाण्याची माहिती अचूक भरणारा माणूस. या शेवटच्या कामाला कुणी मान देत नाही, पण त्याच्या एका चुकीनं गीतकाराचे पैसे अडकतात (प्रश्न १२ पाहा).

६. मी वादक आहे. स्टुडिओत शिरकाव कसा होतो? नोटेशन वाचता यायलाच हवं का?

पाश्चात्त्य वाद्य असेल तर स्वरलिपी वाचता यायलाच हवी. तबला, ढोलकी, बासरी, सतार वाजवत असाल तर सरगम भराभर लिहिता यावी. संगीतकार पीस गाऊन दाखवतो, तुम्ही वहीत उतरवता आणि तिसऱ्या वेळेला बिनचूक वाजवता, एवढी अपेक्षा असते. दुसरी गरज म्हणजे क्लिकवर वाजवणं. मैफलीत लय श्वास घेते, स्टुडिओत कानात ठोका चालू असतो. चांगले चांगले तबलावादक पहिल्या दिवशी इथं अडखळतात.

शिरकाव बहुतेकदा दुसऱ्या वादकाच्या शब्दावर होतो. कुणी आजारी पडतं, त्याच्या जागी तुम्हाला फोन येतो. तुम्ही वेळेवर पोचलात, वाद्य सुरात होतं आणि तक्रार केली नाहीत, तर दुसरा फोन येतो. मुंबईत सिने म्युझिशियन्स असोसिएशन ही वादकांची जुनी संघटना आहे. तिथली वडीलधारी मंडळी नव्यांना बरंच सांगतात, जाऊन भेटा.

खरं तेही सांगतो. नुसत्या स्टुडिओवर घर चालवणारे वादक आता थोडे आहेत. मोठे व्हायोलिन विभाग संगणकावरून येतात, आणि ज्यांच्याकडे पैसा आहे ते बुडापेस्ट किंवा स्कोप्येच्या वाद्यवृंदाकडून दूरस्थ मुद्रण करून घेतात. बहुतेक वादक स्टुडिओ, कार्यक्रम आणि शिकवण्या अशा तिन्हींवर जगतात.

७. मानधन किती मागावं?

आकडा सांगत नाही, कारण तो शहर, वाद्य आणि कामागणिक बदलतो. पण 'किती' विचारण्याआधी काय ठरवायचं ते सांगतो. शिफ्ट किती तासांची आणि वेळ वाढली तर काय. एका शिफ्टमध्ये किती गाणी. कार्यक्रम असेल तर तालमींचे पैसे धरले आहेत की नाहीत, प्रवास, जेवण, मुक्काम कुणाचा, वाद्याची वाहतूक कुणाची, आणि कार्यक्रम रद्द झाला तर आगाऊ रक्कम कुणाकडे राहते. चित्रीकरण होणार आहे का, हेही विचारा. एका संध्याकाळच्या बिदागीत पुढची दहा वर्षं वाजत राहणारा व्हिडिओ फुकट देऊ नका.

हातात येते ती रक्कम कमी का, असंही विचारतात. व्यावसायिक मानधनावर आणि रॉयल्टीवर साधारणपणे १० टक्के टीडीएस, म्हणजे आधीच वळता केलेला प्राप्तिकर, कापला जातो. तो विवरणपत्र भरून जमा धरता येतो किंवा परत मिळतो. तो बुडाला असं समजून सोडून देणारे वादक मी पाहिले आहेत.

८. आकाशवाणीची श्रेणी आजही उपयोगाची आहे का?

आहे. बी, बी-हाय, ए आणि टॉप अशा पायऱ्या आहेत. ध्वनिचाचणीत नाव न पाहता ऐकणाऱ्यांनी तुम्हाला पास केलं, एवढ्यासाठी तरी ही चाचणी द्यावी. सरकारी आणि संस्थांच्या कार्यक्रमांत श्रेणी अजून विचारली जाते.

९. गीताचे सगळे हक्क कंपनीला विकून टाकले. आता मला काहीच मिळणार नाही ना?

तसं नाही. २०१२ ची दुरुस्ती याचसाठी झाली. आज गीतकार आणि संगीतकार हक्क दुसऱ्याला देऊ शकतात, पण रॉयल्टीतला समान वाटा मिळवण्याचा अधिकार सोडून देऊ शकत नाहीत. तो फक्त कायदेशीर वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला (कर्त्यांच्या वतीनं रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेला) देता येतो. करारात 'सर्व रॉयल्टी सोडत आहे' असं वाक्य असलं तरी ते टिकत नाही. अपवाद एक: चित्रपटगृहात चित्रपटासोबत गाणं दाखवलं जातं, त्यासाठी हा वाटा मिळत नाही. टीव्ही, रेडिओ, मोबाइल, हॉटेल, कार्यक्रम यांसाठी मिळतो.

करार वाचताना आणखी तीन गोष्टी बघा. हक्क देणं लेखी आणि सहीनिशीच व्हावं लागतं. मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरला जातो. म्हणूनच छापील करारांत 'कायमस्वरूपी' आणि 'संपूर्ण विश्वात' हे शब्द आवर्जून असतात. ते खोडता आले तर खोडा.

१०. आयपीआरएस, पीपीएल, इसाम्रा… कुणाचा सभासद व्हायचं?

तुमचं काम काय आहे त्यावर. शब्द लिहिता किंवा चाल बांधता, तर आयपीआरएस, म्हणजे इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी. ती १९६९ पासून आहे; गीतकार, संगीतकार आणि संगीत प्रकाशक तिचे सभासद असतात. गाता किंवा वाजवता, तर इसाम्रा. २०१३ मध्ये गायकांच्या हक्कांसाठी सुरू झालेल्या संस्थेचं हे आताचं रूप. पीपीएल ही ध्वनिमुद्रणाच्या मालकांची, म्हणजे मुख्यतः लेबलांची बाजू सांभाळते. नवोदिताचा तिच्याशी संबंध सहसा परवाना मागतानाच येतो. स्वतःच लिहिता, चाल लावता आणि गाता, तर आयपीआरएस आणि इसाम्रा दोन्हीकडे अर्ज करा. नुसतं सभासद होऊन भागत नाही, प्रत्येक गाणं नोंदवावं लागतं. नोंदच नसेल तर पैसे कुणाचे हे संस्थेला कळणार कसं?

११. मी गाण्यात बासरी वाजवली. गाणं प्रचंड चाललं. मला रॉयल्टी मिळते का?

कायद्यानं वादकही 'परफॉर्मर' आहे. त्याचा हक्क सादरीकरणाच्या पुढच्या वर्षापासून ५० वर्षं चालतो, आणि व्यावसायिक वापरासाठी रॉयल्टी मागण्याची सोय २०१२ च्या दुरुस्तीनं केली आहे. प्रत्यक्षात गायकांपर्यंत पैसे पोचायलाच फार काळ गेला. लता मंगेशकरांनी १९६० च्या दशकात पार्श्वगायकांच्या रॉयल्टीचा आग्रह धरला, त्यावरून मोहम्मद रफी आणि त्यांच्यात काही वर्षं अबोला होता. वादकांची वाट त्याहून लांबची आहे.

पण एक बारीक कलम सगळ्या वादकांनी पाठ करावं. चित्रपटातलं ज्याचं सादरीकरण किरकोळ किंवा प्रासंगिक आहे आणि उद्योगाच्या रिवाजाप्रमाणे ज्याचं नाव श्रेयनामावलीत दिलं जात नाही, त्याला कायदा बहुतेक बाबतींत 'परफॉर्मर' मानतच नाही. म्हणजे पडद्यावरच्या त्या एका ओळीवर तुमचा कायद्यातला दर्जा टांगलेला असतो. 'नाव छापून काय मिळणार' असं म्हणणाऱ्या वादकाला मी हे कलम वाचून दाखवतो.

१९४९ च्या 'महल' चित्रपटातल्या गाण्याच्या तबकडीवर गायिकेच्या जागी 'कामिनी' असं पात्राचं नाव छापलं होतं. लोकांनी रेडिओला पत्रं पाठवून विचारलं की ही गाणारी कोण, तेव्हा लता मंगेशकर हे नाव पुढं आलं. माझ्या पहिल्या कॅसेटचं मात्र कुणी पत्र पाठवून विचारलं नाही. मी त्यात आठही गाण्यांना व्हायोलिन वाजवलं होतं आणि दोन गाण्यांचं संयोजन केलं होतं. दुकानातून कॅसेट घरी आणली. आईनं चष्मा लावून आतलं कार्ड दोन्ही बाजूंनी वाचलं, मग पुन्हा वाचलं. नाव नव्हतं. तिनं कार्ड नीट घडी करून परत डबीत ठेवलं आणि म्हणाली, "वाजलंय मात्र छान." त्या दिवसापासून मी कामाच्या आधी एक कागद पुढं करतो: कुणी काय वाजवलं आणि नाव कुठं छापणार. आता तेच तुम्हाला मेसेजवरही करता येईल. फुकट आहे आणि दोन मिनिटं लागतात.

१२. गाणं स्वतःच अपलोड करता येतं. मग लेबलची गरज काय?

मुद्रण तुमच्या मालकीचं राहावं असं वाटत असेल तर गरज नाही. वितरक सेवा थोड्या पैशांत किंवा वाट्यावर गाणं सगळ्या अ‍ॅपवर पोचवतात. लेबल देतं ते म्हणजे आगाऊ पैसा, प्रसिद्धी, आणि चित्रपट-मालिकांत गाणं लावून देणारी माणसं. त्या बदल्यात ते मालकी मागतं.

स्वतः करणार असाल तर लेबलमधला तो माहिती भरणारा माणूसही तुम्हीच आहात. प्रत्येक मुद्रणाला १२ अक्षर-अंकांचा आयएसआरसी हा ओळखक्रमांक लागतो. तो बहुतेक वितरकच देतात. हा क्रमांक मुद्रणाचा असतो, गाण्याचा नाही. तेच गाणं पुन्हा मुद्रित केलं की नवा क्रमांक. गीतकार, संगीतकार, गायक, वादक यांची नावं प्रत्येक ठिकाणी एकाच स्पेलिंगनं भरा. 'कुलकर्णी' तीन तऱ्हांनी लिहिलं की तीन वेगळे कुलकर्णी तयार होतात.

१३. एक जुनं भावगीत गाऊन यूट्यूबवर टाकलं. 'क्लेम' आला. गाणं तर ६० वर्षांहून जुनं आहे!

आधी घाबरू नका. क्लेम म्हणजे हक्काच्या मालकाचा दावा; त्यानं सहसा त्या व्हिडिओची कमाई मालकाकडे वळते. स्ट्राइक, म्हणजे हक्कभंगाबद्दलचा इशारा, वेगळा; ९० दिवसांत तीन स्ट्राइक आले तर यूट्यूब चॅनेल बंद करू शकतं.

आता वर्षांचं. गाण्यात तीन थर असतात: शब्द, चाल, मुद्रण. मुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. १९६० साली निघालेल्या तबकडीचा हक्क ३१ डिसेंबर २०२० ला संपला. शब्द आणि चाल यांचा हक्क मात्र कर्त्याच्या निधनानंतर ६० वर्षं. गदिमा १९७७ मध्ये गेले, म्हणून त्यांच्या शब्दांवर २०३७ च्या अखेरीपर्यंत हक्क आहे. सुधीर फडके २००२ मध्ये गेले, म्हणून त्यांच्या चालींवर २०६२ च्या अखेरीपर्यंत. तबकडी मोकळी झाली तरी गाणं मोकळं झालेलं नसतं. तुम्ही तर तबकडी वापरलीही नाही, तुम्ही शब्द आणि चाल वापरलीत. क्लेम त्याचाच आहे.

कव्हरसाठी, म्हणजे जुनं गाणं नव्यानं गाऊन मुद्रित करण्यासाठी, कायद्यात एक वाट आहे. मूळ मुद्रणाचं वर्ष संपून ५ वर्षं झाल्यावर, आधी नोटीस देऊन, किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी आगाऊ भरून, चाल-शब्दांत विनाकारण बदल न करता नवं ध्वनिमुद्रण करता येतं. ही सोय ध्वनिमुद्रणापुरती आहे, व्हिडिओसाठी नाही. म्हणून व्हिडिओ करायचा असेल तर मालकाची परवानगी हाच सरळ रस्ता.

१४. तुकाराम महाराजांचा अभंग तर सगळ्यांचा. त्याला परवानगी कशी लागेल?

शब्दांना लागत नाही. चालीला लागू शकते. वारीत, दिंडीत परंपरेनं म्हणतात ती चाल असेल तर मोकळी. पण श्रीनिवास खळ्यांनी तुकोबांचे जे अभंग लता मंगेशकरांकडून गाऊन घेतले, त्या चाली खळ्यांच्या. खळे २०११ मध्ये गेले, म्हणजे २०७१ च्या अखेरीपर्यंत (मोजणी प्रश्न १३ प्रमाणे). गंमत अशी की काही चाली इतक्या रुजतात की कीर्तनकारांनाही त्या पारंपरिक वाटतात. शंका असेल तर जुन्या तबकडीवर 'पारंपरिक' लिहिलंय की संगीतकाराचं नाव, ते शोधा. किंवा स्वतः नवी चाल लावा, तिच्यावर तुमचा हक्क राहील.

१५. लग्नात, गणपतीत, कार्यक्रमात गाणी वाजवायला परवाना लागतो का?

खऱ्याखुऱ्या धार्मिक समारंभात गाणं वाजवणं हे उल्लंघन धरलं जात नाही. लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले सामाजिक सोहळे त्यातच येतात, असं कायदा स्वतः सांगतो. याची व्याप्ती किती यावरून वाद आहेत. गोवा सरकारनं जानेवारी २०२४ मध्ये लग्नसोहळ्यांबाबत परिपत्रक काढलं होतं. ते त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं रद्द केलं. परिपत्रक रद्द झालं, कायद्यातली सवलत नाही. पण हॉटेलात मोठा सोहळा असेल तर हॉटेलशी आधी बोला. मंडळाची आरती एक, आणि त्याच मांडवातली तिकीट लावलेली ऑर्केस्ट्रा नाइट दुसरी. दोन्हींना एकच नियम लागेल असं गृहीत धरू नका.

गाण्याच्या कार्यक्रमाचा परवाना आयोजकानं काढायचा असतो, गायकानं नाही. वादक बसवून प्रत्यक्ष गाणार असाल तर शब्द आणि चाल यांचा, म्हणजे आयपीआरएसचा विषय. ध्वनिमुद्रण वाजवणार असाल, कराओके ट्रॅकसुद्धा, तर त्या मुद्रणाचा मालकही आला.

१६. सिटिंगमध्ये मी अंतऱ्याची चाल सुचवली. संगीतकारांनी ती घेतली. नाव मागू का?

'इथं जरा वर जाऊया' अशी सूचना असेल तर नाही. सूचना सहायक, वादक, दिग्दर्शक सगळेच देतात; सिटिंग त्यासाठीच असते. पण अंतऱ्याच्या दोन ओळी तुम्ही पुऱ्या बांधल्या आणि त्या तशाच गायल्या गेल्या, तर तुमचा दावा खरा आहे. तो त्याच दिवशी, शांतपणे बोला: "दादा, अंतरा माझा ठेवलाय, तर सहसंगीतकार म्हणून कसं करायचं?" सिटिंगचं मोबाइलवरचं मुद्रण तारखेसह जपा. कॉपीराइटला नोंदणी सक्तीची नसते, पण पुरावा लागतो. गीतकारांना आपले शब्द स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडेही नोंदवता येतात.

बँडमधल्या मित्रांनी तर पहिल्याच गाण्याला टक्केवारी लिहून ठेवावी. गाणं चालल्यावर ती लिहिता येत नाही.

१७. माझ्या वडिलांनी ऐंशीच्या दशकात गीतं लिहिली. ते आता नाहीत. आम्हाला काही मिळू शकतं का?

मिळू शकतं, आणि विचारलंत याचा मला आनंद आहे. हक्क निधनानंतर ६० वर्षं चालतो आणि तो वारसांकडे येतो. वारस म्हणून आयपीआरएसकडे अर्ज करता येतो. वडिलांनी हक्क विकले होते की फक्त वापरायला दिले होते, यावर बरंच अवलंबून आहे, आणि ते कागदांवरूनच कळेल. म्हणून आधी घर शोधा. आकाशवाणीची करारपत्रं, कंपन्यांची पत्रं, मनीऑर्डरच्या पावत्या, बँकेची जुनी पासबुकं, तबकड्यांची आणि कॅसेटची वेष्टनं, स्वतःच्या अक्षरातल्या वह्या. मग गाण्यांची यादी करा: पहिली ओळ, संगीतकार, गायक, वर्ष, कंपनी. आज ती गाणी अ‍ॅपवर कुणाच्या नावानं दिसतात ते तपासा. एखाद्या गाण्यापुढं गीतकाराची जागा रिकामी असेल किंवा 'पारंपरिक' लिहिलं असेल, तर लेबलला वेष्टनाच्या छायाचित्रासह लिहा. पैशांचं काय होईल ते नंतर कळेल, नावाची दुरुस्ती मात्र त्या पत्रापासून सुरू होऊ शकते.